‘पॅनेल बदललं’ म्हणून पैसे घेतले, हिरवा ठिपका मात्र जागच्या जागी

मॉनिटरचं पॅनेल, म्हणजे चित्र दाखवणारा काचेचा भाग, बदललं असं सांगून एका दुरुस्तीवाल्याने माझ्याकडून पैसे घेतले. पॅनेल बदललंच नव्हतं. बिघाड केबलच्या एका पिनेत होता, आणि ती पिन सरळ करायला मला नंतर दोन मिनिटंही लागली नाहीत. घडलं ते सगळं लिहिते आहे, कारण त्याने वापरलेली युक्ती कुणावरही चालेल.

मी घरून मुद्रितशोधनाचं काम करते. मजकूर पडद्यावर वाचायचा आणि दुरुस्त्या लाल रंगात करायच्या, हे दिवसभर चालू असतं. एका सकाळी फाइल उघडली तर आदल्या दिवशीच्या सगळ्या लाल दुरुस्त्या काळ्या झालेल्या. पांढरं पान फिकट निळसर-हिरवं. मूळ मजकूर कुठला आणि माझी दुरुस्ती कुठली, ओळखू येईना. काम दुसऱ्या दिवशी द्यायचं होतं. त्या घाईत मी दुरुस्तीवाल्याला फोन केला.

तो आल्यावर मी सांगितलं, की रात्री साफसफाईसाठी टेबल सरकवलं होतं, तेव्हा केबल काढून परत लावली होती. एवढ्यावरून त्याला बिघाड कळला असणार, याबद्दल आज माझ्या मनात शंका नाही. पण केबलकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. पडद्याच्या कोपऱ्यावर अंगठा दाबला. अंगठ्याभोवती रंगांच्या लाटा उठल्या. “बघा ताई, पॅनेल गेलंय. रंग सुटायला लागलेत. आज-उद्या पूर्ण काळं पडेल.” लाटा मला डोळ्यांनी दिसत होत्या. मी विश्वास ठेवला.

एलसीडी पडद्यात दोन काचांच्या मध्ये द्रवस्फटिकांचा अतिशय पातळ थर असतो. बाहेरून दाब पडला की त्या स्फटिकांची रचना विस्कटते आणि तिथले रंग पसरतात. धडधाकट पॅनेलवरही असं होतं. म्हणजे अंगठा दाबून त्याने जे दाखवलं त्याचा माझ्या बिघाडाशी काडीचाही संबंध नव्हता. (घरी करून पाहू नका. जोराने दाबलं तर चांगलं पॅनेल खरोखरच जातं.)

मॉनिटर घेऊन तो गेला आणि संध्याकाळी परत आला. सोबत आणलेली नवी केबल त्याने जोडली, “केबल माझ्याकडून” म्हणाला. पडदा स्वच्छ, लाल रंग लाल. नवा मॉनिटर घ्यायला जेवढे लागले असते त्याच्या अर्ध्याहून जास्त पैसे मी दिले. पावतीवर ‘मॉनिटर दुरुस्ती’ एवढंच लिहिलेलं होतं. काढलेलं पॅनेल दाखव म्हणायचं मला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी संगणक सुरू केला. सुरू होताना पडदा काही क्षण पूर्ण काळा असतो. त्या काळ्यावर, उजव्या खालच्या कोपऱ्याजवळ, एक हिरवा ठिपका चमकला. तो ठिपका मी ओळखत होते. पडद्यावरचा प्रत्येक बिंदू लाल, हिरवा आणि निळा अशा तीन उपबिंदूंचा असतो. त्यातला एखादा कायमचा उघडा राहिला की काळ्यावर तो असा दिसतो, पांढऱ्यावर मात्र लक्षातही येत नाही. माझ्या मॉनिटरला तो जवळजवळ पहिल्यापासून होता. वॉरंटीत बदलून मिळेल का, हे विचारण्यासाठी मी त्याचा फोटोही काढला होता, शेजारी पट्टी धरून. एवढ्या एका ठिपक्यासाठी बदलून मिळणार नाही, असं उत्तर तेव्हा आलं होतं, आणि कंपन्या एकदोन बिंदूंचा दोष सहसा धरत नाहीत. तो जुना फोटो शोधला, पट्टी पुन्हा तशीच धरली. मिलिमीटरचाही फरक नव्हता. ठिपका पॅनेलचाच भाग असतो. पॅनेल बदललं असतं तर तो जुन्याबरोबरच गेला असता.

मग टेबलामागे पडलेली माझी जुनी केबल बाहेर काढली आणि जोडली. पान पुन्हा निळसर-हिरवं, दुरुस्त्या पुन्हा काळ्या. टॉर्च लावून टोक पाहिलं. माझी केबल व्हीजीए, म्हणजे संगणकाचं चित्र मॉनिटरपर्यंत नेणारी जुन्या पद्धतीची केबल. तिच्या टोकात १५ पिनांच्या जागा असतात, ५-५ च्या तीन ओळी. पहिली पिन लाल रंगाचा सिग्नल नेते, दुसरी हिरव्याचा, तिसरी निळ्याचा. माझी पहिली पिन आडवी झाली होती, म्हणून लाल रंग मॉनिटरपर्यंत पोहोचतच नव्हता. चित्र जुळवणाऱ्या पिना, १३ आणि १४, ठीक होत्या, म्हणून बाकी चित्र जागच्या जागी होतं. बारीक चिमट्याने पिन हळूहळू सरळ केली. त्या केबलवर मी आजही काम करते. हिरवी पिन सुटली असती तर पडदा गुलाबी-जांभळा दिसला असता, निळी सुटली असती तर पिवळा. असा सगळ्या पडद्यावर सारखा रंग चढला की आधी केबल पाहा.

मी त्याला फोन केला. “नव्या पॅनेललाही असा ठिपका असू शकतो ताई.” त्याच जागी? “योगायोग.” मग माझं जुनं पॅनेल कुठे आहे? “भंगारात टाकलं.” त्यानंतर त्याने फोन उचलला नाही. दोन्ही फोटो आणि पावती जोडून मी लेखी तक्रार केली आहे. पैसे अजून मिळालेले नाहीत.

मला सगळ्यात जास्त लागलं ते हे, की खरं काय ते कळायला एक बटण पुरेसं होतं. मॉनिटरवरच्या बटणांनी ब्राइटनेस वगैरे बदलायचा जो मेन्यू उघडतो, तो संगणकाकडून येत नाही, मॉनिटर स्वतः काढतो. चित्राचे रंग बिघडलेले असताना मेन्यूचे रंग नीट असतील, चित्र लुकलुकत असताना मेन्यू स्थिर असेल, तर बिघाड बहुतेक करून केबल, संगणक किंवा सेटिंग यांत असतो. केबल काढून टाकली की ‘सिग्नल नाही’ अशा अर्थाची पाटी येते. तीही नीट दिसली तर पॅनेल बदलायचं कारण बहुधा नसतं. पट्टे किंवा ठिपके दिसत असतील तर स्क्रीनशॉट घेऊन तो मोबाइलवर पाहा. तिथेही ते दिसले तर मॉनिटरचा दोष नाही.

चित्र लुकलुकतं तेव्हा रिफ्रेश रेट (पडदा सेकंदाला किती वेळा चित्र नव्याने काढतो तो आकडा) किंवा ग्राफिक्सचा ड्रायव्हर (संगणकातला चित्राचा भाग चालवणारं सॉफ्टवेअर) हे कारण असू शकतं. विंडोजमध्ये विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबली की ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. अक्षरं धूसर दिसत असतील तर रिझोल्युशन (पडद्यावर आडवे-उभे किती बिंदू) मॉनिटरच्या मूळ आकड्यावर, म्हणजे १९२० बाय १०८० च्या पडद्याला तेवढंच, ठेवून पाहा. एचडीएमआय या नव्या प्रकारच्या केबलवर काळा रंग राखाडी दिसतो तेव्हा अनेकदा संगणक काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत १६ ते २३५ एवढीच रंगपातळी पाठवत असतो आणि मॉनिटर ० ते २५५ ची अपेक्षा करतो. ते सेटिंगमध्ये बदलता येतं. पडदा काळा, पण टॉर्च तिरका धरल्यावर अंधुक चित्र दिसतं, म्हणजे चित्र तयार होतंय आणि मागचा प्रकाश गेलाय. त्याचं कारण पॉवर बोर्डावरचे (आत वीज पुरवणाऱ्या पट्टीवरचे) फुगलेले कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे छोटे भाग, हेही असू शकतात, आणि ते बदलणं पॅनेलपेक्षा खूपच स्वस्त पडतं. मॉनिटर मात्र स्वतः उघडू नका, प्लग काढल्यावरही आत विजेचा साठा राहतो.

पॅनेल खरंच जातं तेव्हा उभी रेघ केबल काढल्यावरही तिथेच असते, मेन्यूवरूनही आरपार जाते. किंवा आघातानंतर शाईसारखा काळा डाग पसरतो. अशा वेळी नव्या मॉनिटरची किंमत आधी विचारा, कारण पॅनेल आणि मजुरी मिळून बहुधा तितकाच खर्च होतो.

आता कुणी दुरुस्तीला येणार असेल तर मी आधीच सांगते, दुसरी केबल आणि दुसरा संगणक माझ्यासमोर जोडून दाखवा. मॉनिटर न्यायचा असेल तर मागच्या स्टिकरवरचा क्रमांक पावतीवर हवा. काय बदललं ते शब्दांत लिहिलेलं हवं. आणि काढलेला भाग माझ्या हातात आल्याशिवाय मी पैसे देत नाही.