टॅटूवरची पारदर्शक फिल्म: नागपूरच्या उन्हाळ्यापासून दिवाळीपर्यंतचा अनुभव

परवा टॅटूच्या टच-अपवरून, म्हणजे उडालेला रंग पुन्हा भरण्यावरून, स्टुडिओत चांगलाच वाद झाला, म्हणून हे लिहायला घेतलं. माझ्या हातावर मनगटाच्या वर पळसाचं फूल आहे. त्यातल्या एका पाकळीच्या टोकाचा केशरी रंग उडालाय, बाकी फूल सुंदर आहे. काम करताना ‘एक टच-अप फ्री’ सांगितलं होतं. आता म्हणतात, तुम्ही टॅटूवर लावायचा आमचा बाम घेतला नव्हता, पैसे लागतील. ही अट तेव्हा कोणी सांगितली नाही, पावतीवरही नाही. बाम मी घेतला नाही कारण डबीवर पेट्रोलियम जेली आणि सुगंध असं लिहिलं होतं, आणि ताज्या टॅटूवर सुगंधी काही लावू नका हे त्यांनीच दिलेल्या कागदावर छापलंय. अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांची संघटनाही पेट्रोलियम जेली टाळून पाण्याचा बेस असलेलं लोशन लावा असंच सांगते. मी मेडिकलमधलं बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर वापरलं, तेही अगदी पातळ. एप्रिल-मेच्या घामात जाड थर लावला असता तर घामोळ्यांशिवाय काही मिळालं नसतं.

आता त्या पाकळीचं. माझ्या मते रंग बामअभावी गेलेला नाही, फिल्मच्या कोपऱ्यामुळे गेला. सुई झाल्यावर वर जी पारदर्शक चिकट फिल्म लावतात, तिचं काम बाहेरचं पाणी आणि जंतू अडवायचं आणि आतली वाफ बाहेर सोडायचं. आत शाई मिसळलेलं काळपट पाणी साचतं, ते बघून घाबरू नये. पण हे पाणी कडेपर्यंत येऊन गळायला लागलं की फिल्म काढायलाच हवी, कारण त्याच वाटेने घाण आत जाते. माझी चौकोनी फिल्म पहिल्याच रात्री एका कोपऱ्यातून सुटली. सकाळी त्या कोपऱ्याला चादरीचे धागे चिकटले होते आणि खाली तीच पाकळी, ओली आणि उघडी. पुढे तिथेच जाड खपली धरली, बाकी फुलावर नुसते पातळ पापुद्रे निघाले. खपली पडली तेव्हा खाली रंग फिका होता.

फिल्म सुटल्यावर स्टुडिओला फोन केला तर नवा तुकडा विकत घ्या म्हणाले. मी मेडिकल चौकात गेले. काउंटरवरच्या काकांनी हात बघितला आणि म्हणाले, “टॅटूची फिल्म काऊन मागता ताई? सलाईनच्या सुईवर लावतो ना, तीच आहे. मोठ्या साइजची घेऊन जा.” स्टुडिओच्या निम्म्याहून कमी पैशांत मिळाली, निर्जंतुक पाकिटात. आणि त्यांनीच सांगितलं, लावायच्या आधी चारही कोपरे कात्रीने गोल करा.

हे मला फार महत्त्वाचं वाटतं, म्हणून सविस्तर सांगते. टोकदार कोपरा कपड्याला, उशीला, पर्सच्या पट्ट्याला अडकतो आणि तिथून उचलला जातो. गोल कडेला अडकायला जागाच नसते. स्पिरिटने पुसलेली कात्री घ्या, मागचा कागद काढायच्या आधी कापा. टॅटूच्या चहूबाजूंनी इंचभर कोरडी त्वचा फिल्मखाली यायला हवी, घाम असेल तर पंख्याखाली पूर्ण वाळू द्या. काढताना वर खेचू नका. कोमट पाण्याच्या धारेखाली एक कड धरून त्वचेला समांतर ताणा, आपोआप सुटते. ही दुसरी फिल्म मेच्या उन्हातही टिकली.

फिल्मबद्दलचं वरचं सगळं मी जूनमध्येच लिहून ठेवलं होतं आणि तेव्हा निकाल दिला होता की फिल्म लावावीच. आता त्यात थोडा बदल. ऑगस्टमध्ये मामेबहिणीने टॅटू केला. कोपरे गोल, सगळं नीट, पण पावसाळ्याच्या दमटपणात चिकटपट्टीच्या कडेने तिला लाल पुरळ आलं. आम्ही लगेच फिल्म काढली आणि मग नुसतं सौम्य साबणाने धुणं, टिपून कोरडं करणं आणि पातळ लोशन. तिचा रंग अख्खा बसला. म्हणजे ज्यांना बँडेजची पट्टी सोसत नाही त्यांनी फिल्मचा हट्ट धरू नये. लाली पसरत गेली, पू आला किंवा ताप आला तर मात्र स्टुडिओला फोटो पाठवत बसू नका, डॉक्टरकडे जा.

आईने हळद लावायला सांगितलं होतं. तिच्या आजीचं गोंदण हळदीवरच बरं झालं होतं, पण तिला ना फिल्म मिळत होती ना लोशन. मी लावली नाही. कूलरच्या थेट झोताखालीही झोपले नाही. आमच्या कूलरच्या वाळ्याला जूनपर्यंत कुबट वास येतो, ती हवा उघड्या कातडीवर नको.

उन्हाचं सांगायला हवंच. टॅटू हाताच्या वरच्या बाजूला असेल आणि तुम्ही मानेवाड्याहून सिव्हिल लाइन्सला गाडीवर जात असाल तर उन्हाळ्यात अख्खा रस्ता तो हात भाजतो. वरची त्वचा भरायला दोन-तीन आठवडे लागतात आणि तोवर सनस्क्रीन लावता येत नाही, म्हणून सैल सुती बाह्यांचा सनकोट. सिंथेटिक हातमोजे खपलीला चिकटतात. भरल्यावर एसपीएफ ३० किंवा जास्तीचं सनस्क्रीन, रोज. तलाव, स्विमिंग पूल तोवर बंद.

अजून एक, जे मला कोणीही सांगितलं नाही. ऑफिसच्या रक्तदान शिबिरात मला परत पाठवलं. २०१७ च्या राष्ट्रीय निकषांप्रमाणे टॅटूनंतर १२ महिने रक्त देता येत नाही. नियमित देणाऱ्यांनी आधी देऊन मग टॅटू करावा. माझा रक्तगट ओ निगेटिव्ह आहे, त्यामुळे मला याचं खरंच वाईट वाटलं.

टच-अप मी त्या स्टुडिओत करणार नाही. धरमपेठेतल्या दुसऱ्या एका मुलीशी बोलणं झालंय, ती एका पाकळीचेच पैसे घेणार आहे आणि मेडिकलमधली फिल्म लावायला तिची हरकत नाही. डिसेंबरच्या थंडीत करू म्हणाली, घाम नसतो तेव्हा.