टायर रिपेअर किटसोबतचे दहा महिने : पंप नेहमीचा, बाटली एकदाच

गाडी घरी आली त्या दिवशी डिकीतलं कार्पेट उचलून पाहिलं. स्टेपनी नव्हती. तिच्या जागी एक साचा होता आणि त्यात बसवलेलं छोटं किट : हवा भरायचा पंप, सीलंटची (टायरचं भोक आतून बुजवणाऱ्या द्रवाची) बाटली, एक गोल स्टिकर आणि बारीक अक्षरांत छापलेला घडीचा कागद. जॅक नाही, पाना नाही. मी सगळं होतं तसं झाकून ठेवलं आणि महिनाभर विसरून गेले. त्यानंतर ते किट तीनदा वापरलं आणि चौथ्यांदा त्याचा काही उपयोग होणार नव्हता. चारही प्रसंग वेगळे होते, म्हणून सविस्तर लिहितेय. ज्यांच्या गाडीत असं किट न उघडता पडून आहे, त्यांच्यासाठी मुख्यतः.

स्टेपनी का काढतात, याचं उत्तर सरळ आहे. एक पूर्ण चाक, जॅक आणि पाना मिळून सहज पंधरा-वीस किलो वजन होतं, शिवाय डिकीतली जागा जाते. इलेक्ट्रिक गाड्यांमध्ये तर ती जागा अनेकदा मुळातच नसते. किट दोन-तीन किलोंचं. हिशेब कंपनीच्या बाजूने बरोबर आहे. आपल्या बाजूने तो तेव्हाच बरोबर ठरतो, जेव्हा आपल्याला किट काय करू शकतं आणि काय करू शकत नाही हे आधी ठाऊक असतं. रस्त्याच्या कडेला अंधारात तो कागद वाचायला घेणं म्हणजे उशीर झालेला असतो.

पहिला प्रसंग साधा होता. थंडी पडली आणि एका सकाळी डॅशबोर्डवर टायरचा पिवळा दिवा लागला. चारही टायर थोडे थोडे उतरले होते, म्हणजे पंक्चर नव्हतं. तापमान दहा अंशांनी उतरलं की टायरमधली हवा साधारण एक ते दोन पीएसआयने (हे हवेच्या दाबाचं माप) कमी दाखवते. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर आतल्या बाजूला हवेचा आकडा लिहिलेला असतो. माझ्या गाडीला ३३ पीएसआय. किट काढलं, पंप बारा व्होल्टच्या सॉकेटला लावला आणि तिथेच थबकले. पंपावर एक फिरवायचं बटण होतं. एका बाजूला नुसत्या हवेचं चित्र, दुसऱ्या बाजूला हवा आणि बाटलीचं. दोन्ही चित्रं इतकी सारखी की घाईत चूक अगदी सहज होईल. चांगल्या टायरमध्ये सीलंट गेलं तर बाटली फुकट जाते, आतला हवेचा सेन्सर चिकटतो आणि टायर उतरवून साफ करण्याचं काम मागे लागतं. हे बटण बनवणाऱ्यांनी आणखी विचार करायला हवा होता असं मला मनापासून वाटतं.

बाकी पंपाबद्दल तक्रार नाही. २८ वरून ३३ वर जायला एका टायरला दोन मिनिटं लागली. आवाज मोठा आहे. त्याच्या मीटरचा काटा माझ्या वेगळ्या डिजिटल मीटरपेक्षा दोन पीएसआय जास्त दाखवतो, तेवढं लक्षात ठेवावं लागतं. हवा टायर थंड असतानाच मोजायची. धावून आलेल्या टायरमध्ये आकडा चार-पाच पीएसआयने वाढलेला असतो, आणि तो पाहून हवा सोडली तर थंड झाल्यावर टायर कमी हवेवर राहतो.

दुसऱ्या वेळी पुढच्या उजव्या टायरमध्ये स्क्रू सापडला. रात्री ३३, सकाळी २४. इथे माझा हात आपोआप बाटलीकडे गेला होता. कागद पुन्हा वाचला आणि थांबले. हवा रात्रभरात नऊ पीएसआय उतरली, म्हणजे तासाला एकसुद्धा नाही. पंक्चरचं दुकान वीस मिनिटांवर. मग सीलंट कशाला? नुसती हवा भरली, स्क्रू होता तसाच ठेवला आणि निघाले. मध्ये एकदा थांबून मोजलं, आकडा हलला नव्हता. दुकानात टायर उतरवून आतून पॅच लावून झाला. स्क्रू किंवा खिळा उपटायचा मोह सगळ्यांना होतो. उपटू नये. तो स्वतःच भोकाला बूच असतो; काढला की हळू गळणारी हवा एकदम सुटते, आणि सीलंट वापरायची वेळ आलीच तर त्यालाही मोठं भोक भरावं लागतं.

तिसरा प्रसंग खरा. रात्री साडेनऊ, महामार्ग, शेजारी आई. मागून गाडी लोळल्यासारखी वाटली आणि दिवा लागला. स्क्रीनवर मागच्या डाव्या टायरचा आकडा डोळ्यांदेखत २७, २३, १९ असा उतरत होता. ब्रेक न दाबता वेग कमी केला, जिथे कडेला सपाट जागा मिळाली तिथे उभी केली, चारही इंडिकेटर लावले. आईला रहदारीच्या विरुद्ध बाजूने उतरवून कठड्यापलीकडे उभं केलं. त्रिकोण मागे ठेवला. मग टॉर्च घेऊन टायर पाहिला. टायरच्या मधोमध, जमिनीला टेकणाऱ्या भागात खिळ्याचं डोकं चमकत होतं. बोटाने थोडं पाणी लावलं तर कडेने बुडबुडे. माझ्या किटवर मर्यादा ४ मिलिमीटरची आहे आणि तीही फक्त या मधल्या भागासाठी. खिळा त्याहून बारीक दिसत होता. टायरच्या बाजूंवरून हात फिरवला, चीर नव्हती, फुगवटा नव्हता. तेव्हाच बाटली काढायचं ठरवलं.

आधी स्टिकर. त्यावर ८० लिहिलेलं असतं, म्हणजे यापुढे ताशी ८० किलोमीटरच्या वर जायचं नाही. तो समोर दिसेल असा लावायचा, पण स्टीअरिंगच्या मधोमध नको, तिथे एअरबॅग असते; मीटर झाकेल असाही नको. मग चाकाचा व्हॉल्व्ह. तो नेमका खाली जमिनीजवळ आला होता, म्हणून गाडी हातभर पुढे घेऊन तो वर आणला. खाली असला तर नळी काढताना आतलं द्रव बाहेर येतं. हातमोजे घातले, बाटली जोरात हलवली, पंपावर उलटी बसवून घट्ट फिरवली, नळी व्हॉल्व्हला लावली. इंजिन चालू ठेवलं, कारण पंप बॅटरीवर बराच भार टाकतो. मोकळ्या जागेत हे चालतं. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून हवा भरत बसू नये, धुरातला कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो. कागदावर ही सूचना अगदी शेवटी, सगळ्यात बारीक टाइपात आहे. ती पहिल्या ओळीत हवी होती.

फिरवायचं बटण बाटलीच्या चित्राकडे नेलं, पंप चालू केला आणि काटा झपकन ८० पीएसआयच्या पुढे गेला. आई कठड्यामागून ओरडली, "अगं, फुटेल ना ते! बंद कर!"

"नाही आई, थांब. द्रव आत जाईपर्यंत काटा असाच वर राहतो."

घट्ट द्रव व्हॉल्व्हच्या अरुंद तोंडातून ढकललं जात असतं. काटा दाखवतो तो नळीतला दाब, टायरमधला नाही. पारदर्शक नळीतून दुधासारखं पांढरं द्रव सरकताना दिसत होतं. साधारण अर्ध्या मिनिटाने नळी रिकामी झाली आणि काटा धाडकन दहावर आला, तिथून सावकाश वर चढू लागला. मला हे आधी वाचून माहीत नसतं, तर मी पहिल्या पाच सेकंदांतच पंप बंद केला असता आणि अर्धं सीलंट नळीत अडकलं असतं.

पंप सलग दहा मिनिटांपेक्षा जास्त चालवायचा नाही, अशी ताकीद आहे. मोटर लहान, हवा दाबली की तापते. सहा मिनिटांत २६, आठ मिनिटांत ३२ झालं. माझ्या कागदाप्रमाणे दहा मिनिटांत २६ गाठलं नाही तर पंप काढायचा, गाडी दहा-एक मीटर पुढेमागे करून द्रव आत पसरू द्यायचं आणि पुन्हा एकदा प्रयत्न करायचा. तरीही नाही झालं तर भोक किटच्या आवाक्याबाहेरचं आहे. तिथून गाडी चालवायची नाही. हवा भरत असताना मी टायरला अगदी खेटून उभी राहिले नाही, बाजूने नजर ठेवली. कुठे फुगवटा आला तर लगेच बंद करायचं. नळीचं पितळी टोक सोडवताना कळलं की तेही चांगलंच तापतं. हातमोज्यामुळे चटका बसला नाही. चार थेंब सलवारीवर उडाले. ओल्या फडक्याने लगेच पुसले ते निघाले, एक राहून गेला तो सुकून डिंकासारखा झाला आणि अजून तसाच आहे.

यानंतर थांबायचं नाही, लगेच निघायचं. याचं कारण मला फार पटलं. टायरच्या आत द्रव तळाशी साचलेलं असतं. चाक फिरलं तरच ते सगळीकडे पसरतं, भोकातून निसटणाऱ्या हवेबरोबर तिथे ओढलं जातं आणि त्यातले कण भोकात अडकून घट्ट होतात. उभ्या गाडीत हे होतच नाही. दहा किलोमीटर मी साठच्या आत चालवली. स्टीअरिंगमध्ये बारीक थरथर होती, कारण आतलं द्रव चाकाचा तोल बिघडवतं. वेगाची मर्यादा आहे ती यासाठीही. मग पुन्हा थांबून मोजलं : २९. कागद सांगतो, इथे १९ पेक्षा कमी भरलं तर पुढे जायचं नाही. २९ म्हणजे भोक धरलं होतं. नुसती हवा भरून ३३ केली आणि सावकाश घरी पोचलो. आई वाटभर स्टिकरकडे पाहत होती. वेग सत्तरकडे गेला की म्हणायची, "हळू."

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात गेल्यागेल्या सांगितलं, आत सीलंट आहे. टायरवाला म्हणाला, "बरं झालं ताई आधी बोललात. लोक सांगत नाहीत, आणि टायर उघडला की तोंडावर उडतं." टायर उतरवल्यावर आतून ग्लासभर पांढरं पाणी निघालं. त्याने रिम पाण्याने धुतली, सेन्सरवरचा थर अलगद पुसून काढला, मग टायरच्या आत हात फिरवून बोटं मला दाखवली. "काळी पूड नाही. हवा गेल्यावर जास्त चालवली असती तर आतलं रबर घासून पूड पडली असती, मग पॅच लावून उपयोग नव्हता." सेन्सर पुढे नीट चालला. तो बिघडूही शकतो, त्याची तयारी ठेवावी.

चौथा प्रसंग दोन ओळींचा. खड्ड्याची धारदार कड टायरच्या बाजूला लागली, बोटभर चीर पडली, हवा एका दमात गेली. किट डिकीतच राहिलं. टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात वाकते आणि सरळ होते, तिथे सीलंट धरत नाही. धरल्यासारखं वाटलं तरी वेगात कधी सुटेल सांगता येत नाही. गाडी उचलून न्यायला अडीच तास लागले. त्या अडीच तासांत स्टेपनीची किंमत कळली.

त्यामुळे माझं मत असं : पंप म्हणून हे किट उत्तम आहे आणि महिन्यातून एकदा वापरावंच. सीलंट मधल्या भागातल्या बारीक भोकापुरतं, दुकानापर्यंत पोचण्यापुरतं. ते पंक्चर काढत नाही, वेळ देतं. माझ्या किटची कमाल मर्यादा २०० किलोमीटर लिहिली आहे, पण तेवढं ताणायची माझी तयारी नाही. बाटली एकदाच चालते, नवी घ्यावी लागते, सोबत नळीही बदलावी लागली. बाटलीवर तारीख छापलेली असते. माझ्या पहिल्या बाटलीला चार वर्षांची मुदत होती. जुनी गाडी घेतली असेल तर ही तारीख आधी बघा. मुदत टळलेलं द्रव आत साकळलेलं असू शकतं.

कागदावरच्या आरोग्याच्या सूचनाही वाचा. हे द्रव कातडीला आणि डोळ्यांना लागू द्यायचं नाही, मुलांच्या हाती पडू द्यायचं नाही. काही सीलंटमध्ये रबराचा चीक असतो, ज्यांना लॅटेक्सची ॲलर्जी आहे त्यांनी तर हात लावूच नये. किटमध्ये हातमोजे मात्र दिलेले नाहीत, टॉर्चही नाही. मी दोन्ही ठेवले, शिवाय डिजिटल मीटर, जुनी चादर आणि गाडी उचलणाऱ्यांचा नंबर कागदावर लिहून. पंपाची वायर मागच्या चाकापर्यंत जेमतेम पोचते, तीही ताणून.

पंपावरच्या त्या बटणाचं मी माझ्यापुरतं निस्तरलं. बाटलीच्या चित्रावर लाल नेलपॉलिशचा जाड ठिपका दिला आणि घरात सगळ्यांना सांगून ठेवलं, लाल बाजूला मला विचारल्याशिवाय फिरवायचं नाही. गेल्या रविवारी आईने चारही टायरची हवा एकटीने भरली.