जुन्या नाण्यांचे लॉट: काही महिने निवडून, धुऊन, नोंदवून झाल्यावरचा अनुभव

आधी निकाल सांगतो, म्हणजे घाईत असलेल्याचं काम होईल. नुकताच नाणी जमवायला लागलेल्याने लॉट, म्हणजे एकगठ्ठा विकल्या जाणाऱ्या नाण्यांचे ढीग, जरूर घ्यावेत, पण ब्रिटिशकालीन तांब्या-कांस्याच्या सुट्या नाण्यांपासून सुरुवात करावी. शिवराई, म्हणजे मराठेशाहीतलं तांब्याचं नाणं, तिचा लॉट त्यानंतर. चांदीच्या रुपयांचा लॉट पहिल्या वर्षी घेऊच नये. देशोदेशीच्या नाण्यांची मिसळ घेतली तरी चालते, पण तिने संग्रह होत नाही, डबा भरतो. लॉटमधून दुर्मिळ नाणं निघण्याची आशा ठेवून पैसे घालू नयेत, कारण लॉट तुमच्यापर्यंत येण्याआधी दोन-तीन जाणत्या हातांतून गेलेला असतो आणि वरची मलई तिथेच निघालेली असते. लॉटमधून मिळतं ते दुसरंच: एकाच नाण्याचे शंभर नमुने एका वेळी डोळ्यांखालून जातात. वजन, झीज, टांकसाळीची खूण, खऱ्या धातूचा रंग हे सगळं हाताला कळायला लागतं. सुटं एकेक नाणं घेऊन हे शिकायला फार वेळ आणि फार पैसा लागतो.

किलोच्या भावाने लॉट घेताना पहिली गोष्ट म्हणजे किलोत नाणी किती येतात ते काढायचं. इथेच नवखा सगळ्यात जास्त गंडतो. पाव आणा, म्हणजे जुना पैसा, तांब्याचा असेल तर वजन ६.४७ ग्रॅम, किलोत साधारण १५४. १९०६ पासून तो कांस्याचा झाला आणि ४.८६ ग्रॅमवर आला, म्हणजे किलोत २०५. १९४३ ते ४७ चा भोकाचा पैसा २ ग्रॅमचा, किलोत ५००. स्वतंत्र भारताची ॲल्युमिनियमची नाणी तर हवेसारखी हलकी: ५ पैसे दीड ग्रॅम, २ पैसे १ ग्रॅम, १ पैसा पाऊण ग्रॅम, म्हणजे किलोत तेराशेच्या वर. तेव्हा ‘किलोचा भाव’ हा आकडा एकटा काही सांगत नाही. किंमत भागिले नाणी काढा आणि त्यातून निम्मी नाणी सरळ वजा करा, कारण जुन्या पैशांच्या मिसळीत साल न दिसणारी, चेपलेली, भोक पाडून गळ्यात घातलेली नाणी बरीच निघतात. समजा १०० नाणी २००० रुपयांना पडली, तर भाव २० रुपये नाणं असा धरू नका, ४० धरा. वाचता येणारं सुटं नाणं बाजारात ४० च्या आत मिळत असेल तर लॉट महाग आहे.

विकणाऱ्याला विचारायचं तेही ठरलेलं असावं. फोटो याच लॉटचा आहे की नमुन्याचा? साल वाचता येणारी नाणी अंदाजे किती? एकाच सालाची किती? नाणी धुतली-घासली आहेत का? दोन्ही बाजूंचे फोटो मागा. फोटोत वरच्या थरात चार चकचकीत नाणी आणि खाली काळोख असेल, तर त्या चारांवरच भाव लावलेला असतो. ‘अनसॉर्टेड, कुणी हात न लावलेला’ असं ठासून लिहिलेल्या लॉटमध्ये सगळी नाणी एकाच दोन-तीन सालांची निघाली, तर तो निवडून उरलेला माल आहे हे उघड आहे.

पार्सल आलं की फोडण्याआधी आख्खं वजन करा आणि फोडताना व्हिडिओ घ्या. पुढच्या कामाला सामान थोडंच लागतं: ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा, दहापट भिंग, डिजिटल कॅलिपर, एक जोरदार लहान चुंबक, मऊ कापड अंथरलेला ट्रे आणि बाजूने प्रकाश टाकता येईल असा दिवा. साल पुसट असलं तर डोक्यावरचा प्रकाश उपयोगाचा नाही. दिवा नाण्याच्या पातळीला आणून जवळजवळ आडवा धरला आणि नाणं हळूहळू फिरवलं, की आकड्यांच्या कडा सावलीत उठून येतात. ‘साल नाही’ म्हणून बाजूला टाकलेल्यांपैकी बरीच नाणी अशी परत येतात.

पहिला हात चुंबकाचा. तांबं, कांस्य, चांदी, तांबं-निकेल यांची नाणी चिकटत नाहीत. १९४७ चा निकेलचा रुपया आणि १९५० पासूनचा सुरुवातीचा निकेलचा रुपया चिकटतो, आणि तो चिकटायलाच हवा. १९८८ नंतरची स्टीलची १० आणि २५ पैशांची नाणीही चिकटतात. व्हिक्टोरियाचा रुपया चिकटला तर पुढे काही तपासायची गरज नाही, तो खोटा आहे. मग धातूप्रमाणे ढीग, ढिगात मूल्याप्रमाणे, मूल्यात राजाप्रमाणे, शेवटी सालाप्रमाणे. उलट्या क्रमाने, म्हणजे आधी सालाने लावायला गेलात तर दिवसभर तेच नाणं तीन वेळा हाताळाल.

कांस्याच्या पैशांचा लॉट मला सगळ्यांत उजवा वाटतो, कारण शिकायला त्यात भरपूर आहे आणि खोट्याची भीती कमी. हलक्या किमतीच्या नाण्याची नक्कल करून कुणाचं पोट भरत नाही. ईस्ट इंडिया कंपनीचे पाव आणे प्रामुख्याने १८३५, १८५७ आणि १८५८ या सालांचे निघतात. सातव्या एडवर्डच्या पैशात १९०६ हे साल दिसलं की लगेच काट्यावर ठेवा. त्याच वर्षी तांब्याकडून कांस्याकडे बदल झाला, त्यामुळे १९०६ चा पैसा जाड तांब्याचा ६.४७ ग्रॅमचाही आहे आणि पातळ कांस्याचा ४.८६ ग्रॅमचाही. छाप तशीच, म्हणून नुसतं बघून लॉट लावणारे दोन्ही एकाच खणात टाकतात. पंचम जॉर्जचं १९११ साल असंच वेगळं ठेवायचं. त्या वर्षीच्या छापेत राजाच्या झग्यावरचा हत्ती आखूड सोंडेमुळे डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली आणि १९१२ पासून छाप सुधारली. रुपयाचं डुक्करछाप नाणं प्रसिद्ध आहे, पण हीच गोष्ट १९११ च्या पैशालाही लागू आहे आणि तो लॉटमध्ये परवडणाऱ्या भावात सापडू शकतो.

टांकसाळीच्या खुणा सुरुवातीपासून नोंदवाव्यात, नंतर करू म्हटलं की सगळी नाणी पुन्हा बाहेर काढावी लागतात. ब्रिटिशकाळात कलकत्त्याच्या नाण्यांवर सहसा खूण नसते, मुंबईचा लहान ठिपका असतो. जॉर्जच्या रुपयावर तो खालच्या कमळाशी बघायचा. १९४३ ते ४५ मध्ये लाहोरचा इंग्रजी एल दिसतो. स्वतंत्र भारताच्या नाण्यांवर सालाखाली बघा: मुंबईचा हिरा, हैदराबादची चांदणी, नोएडाचा गोल ठिपका, कोलकात्याला काही नाही. झिजलेल्या नाण्यावर हिरा आणि ठिपका सारखेच दिसतात. नोएडाची टांकसाळ १९८८ पासूनची, त्यामुळे त्याआधीच्या सालावर ठिपका दिसला तर तो झिजलेला हिरा आहे असंच धरा.

स्वतंत्र भारताच्या सुट्या पैशांचा लॉट स्वस्त, पण एकसुरी. गेंड्याचे २५ पैसे आणि षट्कोनी २० पैसे यांचा ढीग निघतो. २५ पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली, तेव्हा घराघरातून गोळा झालेला माल तोच आहे. यातून घ्यायचं ते १९५० ची घोडाछाप आणि बैलछाप नाणी, १ एप्रिल १९५७ ला दशमान पद्धत आली तेव्हाचे ‘नये पैसे’, आणि १९६८ नंतरचे कमळाचे व गांधीजींचे पिवळे २० पैसे. या शेवटच्या नाण्यांना लाखो रुपये मिळतात असे व्हिडिओ फिरतात. ते खोटं आहे, ही नाणी कोट्यवधींच्या संख्येने पाडली गेली. अशा सौद्यांत रिझर्व्ह बँकेचं नाव वापरून आधी फी, कमिशन, कर मागितला जातो. बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे की असल्या व्यवहारांशी तिचा संबंध नाही आणि ती कसलंही शुल्क मागत नाही.

शिवराईच्या लॉटबद्दल थोडं थांबून लिहायला हवं, कारण मराठी संग्राहकाचा जीव इथे अडकतो आणि विकणाऱ्यालाही ते ठाऊक असतं. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. पण हाच मजकूर महाराजांच्या नंतरही दीर्घकाळ, पेशवाईतही, पाडला जात होता. त्यामुळे ‘शिवकालीन’ ही पाटी सगळ्या लॉटला लागू शकत नाही. दोन ओळींच्या मधे दोन समांतर दांड्या असलेली दुदांडी शिवराई उत्तरकालीन, आणि लॉटमध्ये तिचाच भरणा असतो. वजनदार जुन्या शिवराया साधारण ११ ते १३ ग्रॅमच्या, उत्तरकालीन त्याहून हलक्या. हातोड्याने ठोकून पाडलेलं हे नाणं, ठसा चकतीहून मोठा, म्हणून पूर्ण मजकूर एका नाण्यावर क्वचित येतो. कुठे ‘श्री’ कापलेला, कुठे ‘शिव’ अर्धाच. कडेला ठोक्याने पडलेली चीर असते. खोटी शिवराई ओळखायची सगळ्यात सोपी रीत लॉटमध्येच आहे: नाणी ओळीने मांडा आणि कापलेल्या अक्षरांची जागा बघा. दोन नाण्यांवर अक्षर अगदी एकाच ठिकाणी कापलेलं आणि कडेची चीरही तीच असेल, तर दोन्ही एकाच साच्यातून ओतलेली आहेत. ठसा एकच असू शकतो, पण चकती आणि ठोका दोनदा तसाच पडत नाही. भिंगाखाली पृष्ठभागावर बारीक गोल खड्डे आणि कडेला साच्याची जोडरेष दिसली की खात्री पटते. पितळेच्या पिवळसर ‘शिवराया’ तर हातात घेताच परत कराव्यात.

याच टोपलीत ‘ईस्ट इंडिया कंपनी १८१८’ लिहिलेले रामदरबार किंवा हनुमानाचे ‘हाफ आना’, ‘वन आना’ येतात. कंपनीने अशी नाणी पाडलीच नाहीत. देवाचं टोकन म्हणून देव्हाऱ्यात ठेवा, नाणं म्हणून एक रुपयाही देऊ नका. तांदूळ ओढणारं चमत्कारी नाणं विकणारा भेटला तर बोलणं तिथेच थांबवा.

चांदीचे रुपये टाळा म्हणतो ते याचसाठी की नक्कल करणं तिथे परवडतं. घ्यायचेच असतील तर तपासणी शिकून घ्या. १८३५ पासून रुपया १८० ग्रेनचा, म्हणजे ११.६६ ग्रॅम, बरोबर एक तोळा, आणि चांदी ९१.७ टक्के. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणा. रुपया बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा काचेला टेकू देऊ नका. बुडबुडे झटकून टाका. न झिजलेल्या खऱ्या रुपयाला काटा साधारण १.१३ दाखवतो. १.३ किंवा त्याहून वर गेला तर आत तांबं-निकेल किंवा पितळ आहे. १९४० नंतरच्या षष्ठम जॉर्जच्या रुपयात चांदी निम्मीच, तिथे १.२२ च्या आसपास येतं, त्यामुळे साल बघूनच निर्णय करा. १९३९ चा रुपया दुर्मिळ आहे म्हणूनच दुसऱ्या सालाचा आकडा कोरून ३९ केलेले रुपये फिरतात. शेवटच्या ९ भोवतीची जमीन भिंगाखाली खरवडलेली दिसते का ते पाहा. वजन आणि पाण्याची कसोटी इथे काही सांगणार नाही, नाणं चांदीचं असतंच.

आता धुण्याबद्दल, कारण लॉटचं सगळ्यात जास्त नुकसान घरी आल्यावर होतं. लिंबू, चिंच, आमसूल, तांबं घासायची पावडर, टूथपेस्ट, सगळं वर्ज्य. आम्लाने तांब्याचा वरचा थर निघतो, नाणं गुलाबी चकचकीत होतं आणि जाणता संग्राहक त्याला हात लावत नाही. तो थर परत येत नाही. माती असेल तर डिस्टिल्ड पाण्यात बुडवून ठेवा, पाणी रोज बदला, आठवडाभर वाट पाहा, मऊ कुंचल्याने झटका, टिपून वाळवा. पुसायचं नाही, टिपायचं. प्लास्टिकच्या पिशवीमुळे आलेला हिरवा चिकट थर शुद्ध ॲसिटोनने निघतो. त्यासाठी काचेची वाटी, उघडी खिडकी, जवळ ज्योत नको. नेलपॉलिश रिमूव्हर चालणार नाही, त्यात तेल आणि रंग असतात. घट्ट बसलेला गडद हिरवा थर निरुपद्रवी असतो, तो राहू द्या. पण फिकट हिरवी भुकटी नखाने पडत असेल आणि टिपल्यावर काही दिवसांत पुन्हा उगवत असेल, तर तो क्लोराइडचा रोग आहे. ते नाणं लगेच वेगळ्या डबीत ठेवा.

कायद्याचं दोन वाक्यांत. शेतात, विहिरीत सापडलेली नाणी ‘स्वस्तात’ देणाऱ्याकडून काही घेऊ नका. जमिनीत सापडलेला दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा १८७८ च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या कायद्याप्रमाणे पुरावस्तू ठरतं आणि ते परदेशी पाठवता येत नाही, म्हणून अदलाबदलीत परदेशी मित्राला शिवराई पोस्टाने धाडू नका.

ठेवण्यासाठी पीव्हीसीचे अल्बम नकोत. वासावरून कळतात, नवीन रेक्झिनसारखा उग्र वास येतो. पुठ्ठ्याचे चौकोनी होल्डर घ्या, आत मायलर, म्हणजे पातळ पारदर्शक फिल्म, असलेले, आणि स्टेपलरच्या पिना चपट्या करा, नाहीतर शेजारच्या नाण्यावर ओरखडा उठतो. होल्डरवर साल, टांकसाळ, वजन आणि लॉटची खूण लिहा. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेल ठेवा आणि रंग बदलला की तापवून पुन्हा वापरा. उरलेल्या दुबार नाण्यांचा लॉट करून विकायचा असेल तर निवडून उरलेला आहे असं लिहूनच विका, किती नाण्यांवर साल वाचता येतं तो आकडाही द्या, आणि फोटोत सगळी नाणी एका थरात पसरून दाखवा.