शुगरसाठी व्हॅनेडियम की मेटफॉर्मिन? दाजींच्या डबीवरून

परभणीचे दाजी गेल्या आठवड्यात आले ते खिशात डबी घेऊनच. पुतण्याने जिमसाठी ऑनलाइन मागवलेल्या व्हॅनेडिल सल्फेटच्या, म्हणजे व्हॅनेडियम या धातूच्या क्षाराच्या गोळ्या. "डॉक्टरची गोळी सोडायलो मी आता. हे खनिज हाय म्हणं, औषध नाही." डॉक्टरची गोळी म्हणजे शुगरची मेटफॉर्मिन. मी केमिस्ट्री शिकवतो, म्हणून निवाडा माझ्याकडे.

आधी व्हॅनेडियमची बाजू, कारण हे थोतांड नाही. १८९९ मध्ये फ्रान्समधल्या डॉक्टरांनी सोडियम मेटाव्हॅनेडेट हा व्हॅनेडियमचाच क्षार देऊन पाहिला, तेव्हा तीन मधुमेहींपैकी दोघांच्या लघवीतली साखर उतरली होती. १९८५ मध्ये कॅनडातल्या मॅकनील यांच्या गटाने मधुमेही उंदरांना पाण्यातून व्हॅनेडेट पाजलं आणि इन्सुलिन न वाढता त्यांची साखर जागेवर आली. गंमत रचनेत आहे. इन्सुलिनने पेशीत चालू केलेला निरोप फॉस्फेटेज नावाची एन्झाइम फॉस्फेट तोडून बंद करतात. व्हॅनेडेट दिसायला फॉस्फेटसारखंच, ते त्या एन्झाइममध्येच जाऊन बसतं आणि निरोप जास्त वेळ चालू राहतो. पण फॉस्फेटेज शरीरभर असतात, आणि व्हॅनेडियम काही पत्ता विचारून जात नाही.

आता डबी. लेबलवर एका गोळीत १० मिलिग्रॅम व्हॅनेडिल सल्फेट. माणसांवर १९९० च्या दशकात जे प्रयोग झाले, त्यांत रोज १०० मिलिग्रॅमच्या आसपास दिलं होतं. म्हणजे दाजींच्या दहा गोळ्या! त्यात निव्वळ व्हॅनेडियम २० ते ३० मिलिग्रॅम, आणि मोठ्या माणसाची सुरक्षित मर्यादा दिवसाला १.८ मिलिग्रॅम. एवढं घेऊनही उपाशीपोटीची शुगर थोडीच उतरली; रुग्ण सहा-आठ, मुदत तीन-चार आठवडे. पोटात मुरडा आणि जुलाब मात्र बऱ्याच जणांना. एक गोळी घेतली तर शुगरला फरक पडेल असं वाटत नाही, मर्यादा मात्र तेवढ्यानेही ओलांडते. परभणीच्या मे महिन्यात जुलाब लागले तर किडनीवर काय ताण येतो ते वेगळं सांगायला नको. सुधारित व्हॅनेडियम औषधाची चाचणीही काही रुग्णांच्या किडनीच्या तक्रारींमुळे पुढे गेली नाही.

मेटफॉर्मिनचं थोडक्यात: १९५७ पासून माणसांत वापरात, १९९८ च्या ब्रिटिश अभ्यासात जास्त वजनाच्या रुग्णांचे मृत्यूही कमी झालेले दिसले. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारं एचबीए१सी साधारण एक अंकाने उतरतं, म्हणजे ८ टक्के असेल तर ७ वर. जनऔषधी केंद्रात दहा गोळ्यांची स्ट्रिप चहाच्या पैशात. खोट आहेच: गॅस, पातळ शौच, वर्षानुवर्षं घेतल्यास बी-१२ कमी होणं. किडनी फारच खालावली असेल तर ती देत नाहीत, म्हणून किडनीचं काम दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन तपासत राहावं लागतं.

खोदून विचारल्यावर दाजींचं खरं दुखणं कळलं. पहाटे कोऱ्या चहाबरोबर मेटफॉर्मिन घ्यायचे आणि दिवसभर पोट फुगायचं. त्यावर व्हॅनेडियम हा उतारा कसा? मी त्यांना ज्वारीची भाकरी अर्धी झाली की गोळी घ्यायला लावली, आणि पुढच्या खेपेला डॉक्टरांना हळूहळू विरघळणारी गोळी विचारा म्हटलं. चार दिवसांनी फोन आला, पोट बरंय.

डबी माझ्याच टेबलावर आहे. पुतण्याला फोन करायचाय, तो रोज तीन घेतो म्हणं.