गच्चीवर प्रोजेक्टर आणि ८०च्या दशकातले व्हॅम्पायर

शनिवारी कोथरूडला मित्राच्या गच्चीवर प्रोजेक्टर भाड्याने आणला होता, दुकानाचं नाव नाही लिहीत. पिक्चर क्वालिटी झकास पण स्पीकर अगदीच बोगस, शेवटी घरातला ब्लूटूथ स्पीकर लावला. आणि एचडीएमआय केबल अर्धा मीटरची! लॅपटॉप मांडीवर घेऊन बसायचं का मग?

असो, पिक्चर तीन. १९८५ चा फ्राइट नाइट आपला ऑल टाइम फेव्हरेट. शेजारी व्हॅम्पायर राहायला येतो आणि पोराचं कोणी ऐकतच नाही, वर आईच त्याला घरात बोलावते, म्हणजे झालंच की, एकदा आमंत्रण मिळालं की तो कधीही येणार. (आमच्या सोसायटीत पाहुण्याला आधी गेटवर रजिस्टर भरावं लागतं, तिथेच कंटाळून परत गेला असता.) रॉडी मॅकडॉवलने केलेला टीव्हीवरचा घाबरट व्हॅम्पायर-किलर तर कमाल!

लॉस्ट बॉइज मस्त टाइमपास, कीफर सदरलँड, बाइक्स, गाणी, बास. पण त्याच वर्षीचा, म्हणजे १९८७ चा, कॅथरीन बिगेलोचा नियर डार्क बघाच राव, अख्ख्या पिक्चरमध्ये 'व्हॅम्पायर' शब्द एकदाही येत नाही, सुळे नाहीत, नुसती काचा काळ्या केलेल्या गाडीतून फिरणारी धुळकट टोळी, आणि तो बारमधला सीन चालू असताना गच्चीवर कोणी भेळेला हात पण लावला नाही.

प्रोजेक्टरला पाचपैकी तीन. केबल स्वतःची न्या.