अडकलेल्या प्रिंट रांगेवर कप्सचा उपाय: झेरॉक्स दुकानातील अनुभव

ठाण्यात नौपाड्यातील आमच्या डीटीपी आणि झेरॉक्सच्या दुकानात छपाईचे सगळे काम लिनक्स या संगणकाच्या कार्यप्रणालीवरील कप्स या मोफत छपाई प्रणालीवर चालते. १९९९ मध्ये आलेल्या आणि २००२ पासून मॅकमध्येही असलेल्या या प्रणालीची मला सर्वांत मोलाची वाटणारी सोय म्हणजे अडकलेले जॉब, म्हणजे छपाईला पाठवलेली कामे, कमांड देऊन रांगेतून काढता येणे.

प्रवेशाच्या दिवसांत काउंटरवर गर्दी असताना एखादी बिघडलेली पीडीएफ पुढे सरकत नाही आणि तिच्यामागे सर्वांची कामे तुंबतात. अशा वेळी ‘एलपीस्टॅट -ओ’ दिले की प्रत्येक जॉबचा क्रमांक आणि तो कोणी पाठवला हे दिसते, आणि ‘कॅन्सल’पुढे तो क्रमांक लिहिला की तेवढाच जॉब निघून बाकीची रांग शाबूत राहते. ‘एलपीआरएम’नेही हे काम होते; मात्र ती क्रमांकाशिवाय चालवली तर मुख्य प्रिंटरवरचा चालू जॉबच रद्द होतो, म्हणून दुकानातील मुलांना मी ‘कॅन्सल’च वापरायला सांगतो.

माझ्या मते खरा विचार करण्याजोगा मुद्दा पुढे आहे. लोक आमच्याकडे आधार कार्ड, गुणपत्रिका, भाडेकरार विश्वासाने देतात, आणि जॉब रांगेतून गेला म्हणजे त्याची फाइलही गेली असे मुळीच नाही. कप्सची सेटिंग न बदलल्यास छापलेल्या जॉबची फाइल ८६,४०० सेकंद, म्हणजे पूर्ण एक दिवस, संगणकावर जपून ठेवली जाते. रद्द करतानाच फाइल पुसायची असेल तर ‘कॅन्सल -एक्स’ द्यावे लागते, आणि छापून झालेल्या फाइली राहू नयेत म्हणून ‘प्रिझर्व्ह जॉब फाइल्स’ ही सेटिंग बंद करावी लागते. ग्राहकांची कागदपत्रे हाताळणाऱ्या प्रत्येक दुकानाने हे केलेच पाहिजे, असे मी आग्रहाने म्हणेन.

उणिवाही आहेत. जॉब यशस्वीपणे रद्द झाल्यावर कमांड काहीच सांगत नाही, त्यामुळे नवखा माणूस तीच कमांड पुन्हा देत बसतो. शिवाय बिघाडामुळे प्रिंटर थांबलेला असेल तर रांग रिकामी करूनही छपाई सुरू होत नाही. ‘कप्सइनेबल’ आणि प्रिंटरचे नाव अशी वेगळी कमांड द्यावी लागते. प्रिंटरच्या स्वतःच्या मेमरीत पोहोचलेली पाने मात्र यातल्या कोणत्याही कमांडने थांबतीलच असे नाही. ती प्रिंटरवरील बटणानेच थांबवावीत.