रशचा 'व्हेपर ट्रेल्स': २००२ ची सीडी की २०१३ ची?

अँप्लिफायर दुरुस्तीवाल्याने तपासणीचे तीनशे रुपये घेतले आणि सांगितलं, "अँप ठणठणीत आहे साहेब, तुमची सीडीच फाटकी वाजते." मग स्वतःकडची जुन्या हिंदी गाण्यांची सीडी लावून दाखवली. स्वच्छ वाजली. पुन्हा 'व्हेपर ट्रेल्स' लावली, तर पहिल्याच गाण्यात झांजा चरचरायला लागल्या. ते तीनशे मी या अल्बमच्या खात्यावर मांडलेत, तेव्हा पुढे कुठे माझा सूर तिरका वाटला तर कारण लक्षात येईल.

रश म्हणजे कॅनडाचा रॉक बँड: गेडी ली बास आणि गायनाला, ॲलेक्स लाइफसन गिटारवर, नील पीअर्ट ड्रमवर. याहून जास्त सांगत बसत नाही. हा त्यांचा सतरावा स्टुडिओ अल्बम, मे २००२ चा. '२११२' आणि 'मूव्हिंग पिक्चर्स' या त्यांच्या जुन्या अल्बमांची पारायणं केलेले लोकसुद्धा हा वगळून थेट नंतरच्या 'क्लॉकवर्क एंजल्स'वर जातात. कोणी शिव्या देत नाही, कोणी शिफारसही करत नाही. म्हणूनच मला सेकंडहँड स्वस्तात मिळाला.

घरी येऊन सीडी रिप केली, म्हणजे संगणकात उतरवून घेतली, आणि ऑडॅसिटीत उघडली. आवाजाचा आलेख दाखवणारं फुकट सॉफ्टवेअर आहे, कोणीही करून बघावं. 'वन लिटल व्हिक्टरी'चा आलेख म्हणजे वरून-खालून छाटलेला एक जाड पट्टा. झूम करत गेलो, तर लाटेचा माथा जिथे असायला हवा तिथे सपाट पठार. सीडीवर आवाजाच्या पातळीला कमाल मर्यादा असते. तिच्यावर ढकललेलं कापलं जातं, आणि कापलेलं नंतर कुठलाही महागडा स्पीकर परत आणून देत नाही. त्या काळात जो तो आपली सीडी दुसऱ्याच्या सीडीपेक्षा मोठ्याने वाजावी म्हणून धडपडत होता. त्या चढाओढीत वाया गेलेल्या सीड्यांची नावं निघाली की ही हमखास निघते. गेडी ली आणि ॲलेक्स लाइफसन या दोघांनीही आवाज बिघडल्याचं पुढे उघडपणे मान्य केलं.

आता झांजा. तेरा गाणी, ६७ मिनिटं, आणि मी झांजाच धरून बसलोय असं वाटेल. पण ड्रमवर नील पीअर्ट आहे. ऑगस्ट १९९७ मध्ये त्याची एकोणीस वर्षांची मुलगी मोटार अपघातात गेली. पुढच्या जूनमध्ये बायको कर्करोगाने गेली. त्याने बाकीच्या दोघांना सांगितलं की मला निवृत्तच धरा, आणि मोटारसायकल काढून निघाला. सुमारे ८८,००० किलोमीटर फिरला. 'घोस्ट रायडर' हे गाणं त्या भटकंतीचंच. त्यानंतरचा हा पहिला अल्बम, आणि सुरुवात नुसत्या त्याच्यापासून होते. गिटार नाही, गाणं नाही, दोन्ही पायांनी बास ड्रमची फैर. इतक्या वर्षांनी माणूस परत वाजवायला बसलाय, त्याची झांज झांजेसारखी ऐकू यावी एवढीच माझी मागणी. २००२ च्या सीडीत क्रॅश या मोठ्या झांजेवर काठी आदळल्याचं कळतच नाही, थेट फसफसाट सुरू होतो. राइड ही झांज कुठे संपली आणि हाय-हॅट ही जोड-झांज कुठे सुरू झाली हे ओळखायला कान टवकारून बसावं लागतं. अर्ध्या तासात डोकं उठतं.

त्यात या अल्बमात कीबोर्ड अजिबात नाहीत. रशच्या बाबतीत असं १९७५ च्या 'केरेस ऑफ स्टील'नंतर पहिल्यांदाच झालं. मोकळी जागा मिळेल असं वाटतं, पण ती लाइफसनने गिटारवर गिटार चढवून आणि गेडीने स्वतःच्याच आवाजाचे थर लावून भरून टाकली. सोलो जवळपास नाहीतच.

२००९ मध्ये 'रेट्रोस्पेक्टिव्ह ३' या संकलनासाठी रिचर्ड चिकीने यातली दोन गाणी नव्याने मिक्स केली, म्हणजे वाद्यांचे वेगवेगळे ट्रॅक घेऊन त्यांचे आवाज पुन्हा जुळवले: 'वन लिटल व्हिक्टरी' आणि 'अर्थशाइन'. पुढे २०१३ मध्ये डेव्हिड बॉट्रिलने अख्खा अल्बम मिक्स करून दिला. नुसतं मास्टरिंग, म्हणजे तयार मिक्सवरचा शेवटचा हात, बदलून भागण्यासारखं नव्हतं, मूळ ट्रॅकपासून पुन्हा मांडणी करावी लागली. चांगलं झालं. पण गाडीत दोष निघाला तर कंपनी गाडी परत बोलावून फुकटात दुरुस्त करून देते. इथे दुरुस्त माल नवीन वेष्टनात, नव्या किमतीला दुकानात आला. अकरा वर्षं आधीचं गिऱ्हाईक होतं तिथेच.

तरी रीमिक्स घेतला, तोही सेकंडहँड, आणि पहिल्या मिनिटात पैसे वसूल. क्रॅश म्हणजे क्रॅश! 'सीक्रेट टच'मध्ये गेडीच्या बोटांचा तारेवरचा फटका ऐकू येतो, जुन्या सीडीत तिथे फक्त घरघर होती. 'सीलिंग अनलिमिटेड'ला एकदम हवा लागल्यासारखं झालं. 'फ्रीझ' तर मी जुन्या सीडीवर दर वेळी पुढे ढकलायचो. भीतीवरच्या गाण्यांची त्यांची मालिका १९८१, १९८२ आणि १९८४ च्या अल्बमांत उलट्या क्रमाने आली होती, तिचा हा चौथा भाग. त्यातली आडवळणाची लय आता मोजता येते. 'पीसेबल किंगडम', ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतरचं, तेही सुधारलंय.

मात्र 'हाउ इट इज' आणि 'नॉक्टर्न' स्वच्छ ऐकल्यावर कळलं की तिथे दोष मास्टरिंगचा नव्हता. गाणीच बेताची आहेत. तेराऐवजी दहा घेतली असती तर बिघडलं नसतं. सीडीत जागा आहे म्हणून ती भरलीच पाहिजे का?

इथपर्यंत माझं मत ठरलेलं होतं: २०१३ घ्या, २००२ रद्दीत द्या. मग 'अर्थशाइन' दोन्ही सीड्यांवर लागोपाठ ऐकलं. रीमिक्समध्ये गिटार आपापल्या जागी शहाण्यासारख्या उभ्या आहेत. जुन्या मिक्समध्ये ती रिफ, गिटारची पुन्हा पुन्हा येणारी धून, अंगावर कोसळते. कचरा उडतो, धूळ उडते, पण कोसळते. 'घोस्ट रायडर'लाही थोडं तसंच. दोन मुडदे पाडून आलेल्या नशिबाशी झगडणाऱ्या माणसाचं गाणं इतकं नीटनेटकं असावं का, असा प्रश्न पडतो. आणि लोकलच्या खडखडाटात, साध्या इअरफोनवर, ती जुनी आरडाओरड जास्त चालते हेही सांगायला हवं. तिथे झांजा तशाही कोणाला ऐकू येणार?

तरी घरच्या सिस्टिमसाठी माझी शिफारस बदलत नाही. सेकंडहँड घेताना विक्रेत्याकडून कव्हरचा आणि पाठीमागच्या बाजूचाही फोटो मागवा. 'रीमिक्स्ड' असं छापलेलं दिसलं पाहिजे. 'ओरिजिनल फर्स्ट प्रेस' म्हणून २००२ ची प्रत चढ्या भावाने गळ्यात मारणारे भेटतील. दीडशेच्या वर देऊ नका, आणि घासाघीस करताना ऑडॅसिटीचा तो पट्टा दाखवा. माझी जुनी प्रत मी विकायची नाही असं ठरवलंय. 'अर्थशाइन'पुरती वाजते, ट्रेबल, म्हणजे उंच पट्टीचे आवाज, पार खाली उतरवून.